पिलं

सावद्याच्या सायडिंगला
वॅगनमध्ये न चढलेल्या केळ्यांवरून खरडून आणलं हे यीस्ट,
देठाजवळ, जिथं माशी बसते तिथून.
वहीत नाव: सा-सात.

फैजपूर. मे. सेहेचाळीस अंश.
इन्क्युबेटरला तीसच हवेत,
म्हणून सुपडूभाऊ त्याच्या पाठीवर ओला पंचा टाकतात,
आजारी बैलाच्या टाकावा तसा.

फ्लास्कमध्ये साखर होती तोवर
दर नव्वद मिनिटांनी एकीच्या दोन.
मी काउंटरचं बटण दाबत होते, अंगठा दुखेस्तोवर:
कळी, कळी, कळी नाही, कळी.

मग साखर काढून घेतली. दोनदा धुतलं.

त्यांना कोणी सांगत नाही.
कळण्याच्या पिठाच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घालून
तळ लागतो का बघणारी बाई असते ना,
तसं आत एक प्रथिन आहे. स्नफ-वन.
तळ लागला की ते ओरडत नाही,
फक्त मोठी कामं थांबवतं.
भिंत वाढवणं नको. नवी कळी तर नकोच.

काचपट्टीवर मग सगळ्या गोल, एकेकट्या.
उपाशी म्हणवत नाही, मेलेल्या तर नाहीतच.
उंबरठ्याच्या अलीकडे उभ्या.

पण ज्यांनी तो आधीच ओलांडला होता
त्या मागे फिरल्या नाहीत.
उरलंसुरलं खरवडून लेक सुटी केली,
आणि आईच्या अंगावर एक वळ राहिला, बांगडीएवढा गोल,
अर्थात तिच्या मापाची बांगडी.
निळ्या उजेडात आम्ही ते वळ मोजतो.
सर्वांत म्हातारीला सतरा.

सुपडूभाऊंचं दोन बिघे केळीचं आहे.
त्यांना हे सांगितलं तर म्हणाले,
"यात नवं काय मॅडम?
केळ निसवेपर्यंत पिलं कापत राह्याची,
नाही तं मायचा घड भरत नाही.
निसवली का एक ठेवायचं."
कोणतं?
"ज्याचं पान तलवारीसारखं."
आणि पंचा पिळायला गेले.

तासिका तत्त्वावर माझं हे सहावं वर्ष.
मानधन मार्चपासून आलेलं नाही.
सासूबाई फोनवर आता विचारत नाहीत,
नुसतं हवामान सांगतात.

चारला साखर परत घातली.
पहिला तास काहीच नाही. सव्वा तास. वीज गेली, आली.
काउंटर शून्यावर.
सुपडूभाऊ किल्ल्या वाजवत दारात: "घरी नाही जायाचं?"

थांबा.
कोपऱ्यातल्या एकीच्या कडेला
काहीतरी टोचून वर आल्यासारखं दिसतंय.
कचराही असेल.

अंगठा बटणावर ठेवलाय.
दाबला नाही अजून.