वासराच्या सिरिंजने

बाटली आठ वर्षं कपाटात होती,
शालूच्या घडीमागे, उभी.
आडवी ठेवायची नसते मामा, असं सांगून रोशन गेला.
तो जहाजावर, बारच्या मागे.
आत्ता कुठल्या समुद्रात आहे
ते त्याच्या आईला त्याच्या निरोपाच्या वेळेवरून कळतं.

मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, एकतीस वर्षं.
मापाचा माणूस.
घरात मापाचा पेला नाही,
म्हणून वासरांना औषध पाजायची साठ मिलीची सिरिंज,
नवी, पाकिटातली,
तरी पंचफुलाने दोनदा उकळायला लावली.

कोन्याक पन्नास.
नळीत काकवीचा रंग चढत गेला,
कडेला एक बुडबुडा. सवयीने टिचकी मारून काढला.

दुसरी बाटली संत्र्याची हवी, रोशन म्हणाला होता,
परदेशात मिळते, महाग असते.
वरूड तालुक्यातल्या माणसाने
संत्र्याची बाटली विकत आणायची!
हे ऐकून पंचफुला हसली नाही,
म्हणजे फारच हसली.
आंबियाच्या शेवटच्या तोड्याची साल,
आतलं पांढरं सुरीने खरवडून,
तीन आठवडे व्होडकात, मग पाकात,
लोणच्याच्या बरणीत, वर दादरा बांधून.
तेव्हा एक झाड उरलं होतं, बाकीची डिंक्याने नेली.
यंदा तेही नाही.
बरणीत आहे तेवढंच.

तेही वीस. लिंबू वीस. बिया गाळणीत.

बर्फ दवाखान्यातून.
माझ्या जागी आलेला प्रज्योत
लाळ्या-खुरकूतच्या लसीशेजारून खडे काढून
थर्मासमध्ये टाकतो, विचारतो,
काका, म्हैस बिमार हाय का?
हाव म्हटलं.

डबा फिरकीच्या झाकणाचा, प्रवासात चिवडा नेत असू तो.
हलव मामा, हात दुखेपर्यंत.
माझा उजवा खांदा एका रेड्याने पूर्वीच घेतलाय,
तो दुखायला वेळ लागत नाही.
मे महिना, लाइट गेलेली,
आणि डबा बाहेरून पांढरा पडत चाललेला.

काचेच्या पेल्याचा काठ लिंबाने ओला केला,
पिठीसाखरेत उपडा घातला.
'पेल्याले बाशिंग काहून बांधता?'
तसंच असते म्हणे.
'नाव काय याचं?'
साइडकार. फटफटीच्या बाजूला ती डोली असते ना,
बसायची, एका माणसाची.
'म्हंजे मी.'

पेला तिने घेतलाच नाही.
आयुष्यात तिने स्पिरिट पाहिलं ते माझ्या पिशवीतलं,
जखमेवर ओतायचं.
हात पुढे केला, 'इथं टाका.'
वरणाची चव बघते तसं तळव्यावर घेतलं,
चाटलं, छताकडे पाहिलं.
छतात काही नव्हतं.

'लिंबू आडदांड हाय तुमचं.
संत्रं बिचारं कोपऱ्यात बसलं.'

मग बरणी तिरपी केली तिने, सिरिंजशिवाय,
नखावर मावेल एवढं मीठ टाकलं,
डबा माझ्या हातातून घेऊन हलवला,
ताक घुसळल्यासारखा नाही,
तान्ह्याला जोजवल्यासारखाही नाही,
तिचा तिचाच काहीतरी.

प्यालो.
आधी साखर, मग साल, आग सगळ्यात मागून,
आणि आंबट कुठून आलं ते कळेना,
तोड्याच्या दिवसांत भाकरी खाताना
बोटांना यायचा तो वास.

किती घातलं? मी वही उघडली होती.
'लागलं तेवढं.'
तीन रकाने भरले, चौथा तसाच ठेवला,
पानाचा फोटो रोशनला पाठवला.
एकच टिक आली.
दुसरा डबा तिने न विचारता भरला.

सकाळी थर्मास परत केला.
पोराने विचारलं, म्हैस कशी हाय काका?
बरी आहे, म्हटलं,
उठली, चहा केला, मला हाक मारली.
रेडाच अजून डोकं धरून आहे.