पेन्सिलीच्या रेघा

जेटीवर शेवाळ होतं, बर्फाचं पाणी होतं
आणि मी घाईत होते.
एवढंच कारण. शेजारची ग्रहबिह म्हणते, म्हणू दे.

ओरोसला खांद्यात प्लेट बसली, कार्डावर.
एक पैसा लागला नाही, खोटं कशाला बोलू.
टाके निघाले आणि हात झाला फळी,
छातीच्या वर जाईना.
डॉक्टर म्हणाले, आता फिजिओ लावा.
लावा म्हणजे कुठे?
कुंपणाला शेवरी लावतात, तसा?

कुडाळला काचेचं दार. आतली पोरगी
कार्ड उलटंपालटं करून म्हणाली, हे इथे नाही चालत.
एका वेळचे चारशे, वेळा वीस.
मी मनात बांगड्याचे वाटे मांडले
आणि उचलून ठेवले.

कणकवलीत म्हणाले, चालतं, पण अॅडमिट असाल तर.
मी माझ्या पायांनी चालत आले होते,
तोच गुन्हा.

मग आरोग्यमित्राला फोन.
नावात मित्र आहे म्हणून तीनदा केला.
तो बिचारा कॉम्प्युटरात शोधत राहिला:
मावशी, ऑपरेशन दिसतंय, नंतरचं वेगळं काही दिसत नाही.
मी म्हटलं, बाबा, होडी बांधून दिलीत,
वल्हं राहिलं.

शेवटी कळलं एस्टीत,
सुकट घेऊन निघालेल्या बाईकडून, जिचं नावही विचारलं नाही:
"अगो, देवगडाक सरकारी दवाखान्यात,
एक्स-रेच्या मागच्या खोलयेत
सोमवारी नि गुरवारी एक चेडू येता.
हात पिरगाळता, पण बरा करता."

त्याच गेटाशी अकरा वर्षं
मी सुरमई विकली होती.

केसपेपर दहा रुपये.
खोलीत बंद फ्रीज, लसींचे रिकामे खोके, एक पलंग,
आणि राजापूरची अफशीन सोलकर,
माझ्या धाकटीच्या वयाची.
दुखलं की सांगा, म्हणाली.
दुखतंय.
अजून थोडं, म्हणाली.

मग विचारलं, हात कुठपर्यंत जायला हवा?
इतक्या दारांत कुणी हे विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, पाटीपर्यंत.
तिला कळेना. उभी राहिले,
चांगल्या हाताने हवेत चुंबळ ठेवली,
चुंबळीवर पाटी, पाटीची कड धरली.
तिने प्लास्टिकचा कोनमापक काखेशी लावला
आणि कागदावर लिहिलं, एकशे चाळीस.
मला माहीत नव्हतं
माझ्या पोटापाण्याला एवढा नेमका आकडा आहे.

घरी पंप आल्यापासून विहिरीची कप्पी
लाकडांखाली गंजत होती. सुदेशने ती पडवीच्या वाशाला टांगली.
दोरीच्या एका टोकाला चांगला हात, दुसऱ्याला वाईट.
चांगल्याने ओढायचं, वाईटाने वर जायचं,
तोंडाने काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं,
बोलले. बरंच बोलले. कप्पीनेही करकर केली.

संध्याकाळी भिंतीवर बोटं चढवायची,
थांबतील तिथे पेन्सिलीची रेघ.
काही दिवस रेघ कालच्या खाली पडे.
अफशीन म्हणाली, ओहोटीही लिहा.

मध्ये दोन आठवडे खोलीला कुलूप.
तिला सावंतवाडीला पाठवलं होतं, दारावरचा कागद सांगत होता,
मला कुणी नाही.
त्या दिवसांच्या रेघा एकावर एक आहेत,
मोजता येत नाहीत.

आता हात कानाच्या वर जातो.
पाटी अजून कुणीतरी उचलून द्यावी लागते,
अर्धीच भरते.
एकशे बावीस, परवाचा आकडा.

चतुर्थी आठ दिवसांवर. सुदेश चुन्याची बादली घेऊन
भिंतीसमोर थांबला.
"आये, ह्यो रेघो पुसू?"
मी वर बघितलं. शेवटच्या रेघेवर
अजून वीतभर भिंत कोरी आहे.
म्हटलं, "तेवढा रवांदे."