हवा किती?

ओबनच्या धक्क्यावरून सातला निघालो.
मर्डोच्या बोटीत सहा माणसं, बारा सिलिंडर
आणि एक कुत्रा, ज्याला बोट लागते.

बेटाचं नाव गेलिकमध्ये. तीनदा म्हणून पाहिलं,
तीनदा मर्डो हसला.
मी वाळव्याची. त्याला ळ म्हणायला लावला.
फिट्टंफाट.

बेटावर आता कुणी राहत नाही.
चार घरं बिनछपराची, चुलीच्या जागी खाजरं रान.
शेवटचं कुटुंब गेलं ते दारं उतरवून घेऊन गेलं,
मर्डो म्हणाला, लाकूड मिळायचं नाही तेव्हा.
चौकटीच्या दगडात बिजागरीची दोन भोकं.
एकात बोट घालून पाहिलं.
गार.

एकतीस वर्षं पेझलीच्या हॉस्पिटलात भूल दिली मी.
दहापासून उलटे मोजा, म्हणायचे.
सहाच्या खाली कुणी उतरलं नाही.
मग त्यांचा श्वास माझ्याकडे:
पडद्यावरची हिरवी रेघ, काळ्या पिशवीचं फुगणं, बसणं.
त्या सगळ्या वर्षांत स्वतःचा
कुठे ठेवला होता, कोण जाणे.

आता अठरा मीटरवर तो इतका मोठ्याने ऐकू येतो
की लाज वाटते,
पाहुण्यांकडे घोरल्यासारखी.

केल्पच्या पट्ट्या डोक्यावर हलतात
रंगाऱ्याच्या अंगणातल्या ओल्या कापडासारख्या.
त्यांतून एक सील येते,
माझ्या पायाचा फिन चावून बघते, सोडून देते.
वय कळलं असावं.

आयली, माझी जोडीदार, सव्वीस वर्षांची,
तळहातावर दोन बोटं टेकवते:
हवा किती?
मी काटा बघून ऐंशी दाखवते.
ती मास्कमागे डोळे बारीक करते,
पुन्हा विचारते.
मग स्वतःच पोहत येऊन माझा काटा वाचते.
रागच आला आधी.
हे काम माझं होतं ना,
दुसऱ्याच्या नळीकडे असं टक लावून बघायचं.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं,
रक्तातले बुडबुडे शांत होईतो.
दोरी धरून आम्ही दोघी लोंबकळतो,
ना बेटाच्या, ना समुद्राच्या.
वर बोटीचा तळ, शेवाळलेला, डुलणारा.
मनगटावरचं यंत्र सेकंद उलटे मोजतं.
तीस. वीस. दहा.
सात. सहा.

पाच.
चार.
अजून जागी आहे मी.
वर कुत्रा कुणावर तरी भुंकतोय.