नळ नसलेल्या घरात

लिमाच्या दक्षिणेला वाळूचा डोंगर,
दोनशे चौदा पायऱ्या. मोजल्यात मी,
दोन्ही हातांत बादल्या असताना.
निळ्या पत्र्याचं दार, ते आमचं.
इथं पाऊस पडत नाही. धुकं येतं,
वाळत घातलेले कपडे ओले करतं
आणि पिण्याजोगं काही न देता निघून जातं.
पाणी टँकरनं, मंगळवारी. पैसे मोजून, पिंपाच्या हिशेबानं.

पाईप मिळाला पाडकामातून,
तीन मीटर, एका टोकाला तडा.
तडा सायकलच्या ट्यूबनं आवळला.
ड्रिल कुठून आणायचं?
दुधाचा रिकामा डबा गॅसवर लाल केला
आणि टेकवला.
असा वास सुटला की विल्मर खोकत बाहेर पळाला.
अकरा भोकं नीट पडली. बारावं वाकडं गेलं,
त्यावर चिकटपट्टी मारली;
तिथून पाणी अजून थोडं रडतं.

पंप माशांच्या टाकीतला, जुन्या बाजारात बारा सोल.
विकणारा म्हणाला, चालतो.
चालतो खरा,
जिना चढून आलेल्या माणसासारखा.

खताच्या बाटल्या दोन, अ आणि ब.
दोन्ही थेट एकत्र ओतू नका, असं चिठ्ठीत होतं.
चिठ्ठी मी शेवटी वाचली.
स्वभावच तसा; लग्नाचा कागदसुद्धा
सही केल्यावर वाचला होता.
बादलीच्या तळाशी पांढरा गाळ बसला, चुन्यासारखा.
ते माझे अठरा सोल होते.
त्या आठवड्यात मी नऊ पँटींच्या चेनी जास्त बदलल्या.

पाणी आंबट की तुरट, ते कळायला
जांभळी कोबी उकळून तिचा रस ठेवला.
एक थेंब टाकला की निळा.
लिंबू पिळत गेले,
निळ्याचा जांभळा झाला तेव्हा थांबले.
हे बरोबर आहे का, विचारायला कोणी नव्हतं.

आयाकुचोहून आईचा फोन आला.
“मातीशिवाय? मग मुळं धरतात कशाला?”
“फोमला. जुन्या गादीच्या.”
ती बराच वेळ गप्प.
“गादीवर का? मग झोपूनच राहतील.”

झोपली नाहीत.
बोटाएवढी झाली, तळहाताएवढी झाली;
खाली मुळं, पांढरी,
म्हाताऱ्याच्या दाढीसारखी.

मग एका रात्री नऊला वीज गेली.
एलेउतेरिओ कामावर,
समुद्राकाठच्या इमारतीत पहारा देतो तो,
तिथल्या हिरवळीवर रात्रभर फवारे उडतात.
मी मेणबत्ती लावली, स्टूल ओढलं
आणि मगानं पाणी ओतायला बसले,
वरच्या टोकातून. खालची बादली भरली की पुन्हा वर.
विल्मर मग मोजत होता,
दोनशेच्या पुढे कुठंतरी मोजतामोजता झोपला.
मला शिवणयंत्राच्या पायाची सवय;
तीच लय हातात घेतली.
अंधारात पाणी पाईपमधून जायचं,
जरा थांबायचं, बादलीत पडायचं.
या घरात सात वर्षांत
हा आवाज मी नीट ऐकला नव्हता.

पहाटे वीज आली. पंप धापा टाकत उठला.
आणि दारावर थाप.
एर्मेलिंडा, शेजारची, हातात रिकामी बादली,
डोळे झोप न झालेले.
“रात्रभर ऐकतेय मी.
तुमच्याकडे लाईन आली ना?
अर्जावर सही मीही केली होती,
मग आम्हाला का सांगितलं नाही?”

काय बोलणार? पडदा बाजूला केला.
तिनं पाईप पाहिला, गादीचे तुकडे पाहिले,
अकरा रोपं पाहिली, एक पिवळं पडलेलं.
मग वाकून कान लावला.
तिच्या बादलीची कडी वाजत होती, तेवढीच.
मी एक पान तोडून दिलं.
तिनं ते खाल्लं नाही,
पदराआड धरावं तसं ॲप्रनच्या खिशात ठेवलं
आणि निघून गेली.

दुपारी पुन्हा आली.
हातात दुधाचा डबा, धुतलेला,
आतून अजून ओला.
म्हणाली, “एवढ्या मापाचं भोक
पुरेल का गं?”