शब्दपट्टी क्रमांक ४१२

काटा किर्र.
पट्टीवर शब्द लिहिला, पुढं कंस उघडला,
तीन आठवडे झाले, कंस उघडाच आहे
गोठ्याचं दार लावायचं राहून गेल्यासारखा.

अर्थ सोपा. रस्सा काटा किर्र,
फटफटी काटा किर्र,
सर्जेरावच्या लेकीचे दहावीचे मार्क, तेही.
पण काटा कुठला? बाभळीचा? घड्याळाचा?
अंगावर येतो तो?
आणि किर्र म्हणजे तर रान, रात्र, रातकिडे.
अंधाराचं विशेषण
तांबड्या रश्श्यात पडलं कसं?

उद्यमनगरात इलाही मिस्त्री लेथ न थांबवता बोलला,
"आमचंच हाय ते. हत्यार जॉबला भिडलं की ऐक."
ऐकलं. दात शिवशिवले.
लोखंडाची साल गोल गोल होऊन पायाशी पडली,
निळी.
लिहून घेतलं.

गंगावेशीत वस्ताद दंडाला माती चोळत म्हणाले,
काट्याची कुस्ती बघितली न्हाईस व्हय?
बरोबरीची जोड, चाळीस मिनिटं कुणी पडंना.
मग किर्र?
"ते बघणाऱ्यांच्या दातांचं."
तेही घेतलं.

मार्केट यार्डात सौदे संपले होते,
माश्या तेवढ्या उरलेल्या.
"काटा किर्र करत नसतोय," बाळगोंडा मापाडी म्हणाला.
"केलं तर काट्यात खोट."
पान थुंकून आला.
"एकदाच केलता. त्र्याऐंशी साली.
पैजंवर माझा भाऊ, गुळाचा रवा ह्या बगलंत, त्या बगलंत,
एक डोक्यावर,
आणि तसाच चढला वर.
काटा शेवटच्या आकड्याच्या पल्याड गेला,
पत्र्याला घासला.
आख्खा अड्डा वरडला बघा."
भाऊ आता कुठं असतात, मी विचारलं नाही.
त्यानं रिकाम्या काट्यावर तळवा ठेवला होता,
तेवढ्यानंही काटा जरा सरकला.

"लिव्ह, बाळगोंडाच्या काट्यावरनं."
अण्णा, पुरावा लागतो.
"मग माझा कान घिऊन जा कापून."

गमतीनं पट्टीच ठेवली काट्यावर.
हलला नाही.
हमालानं गुळाचा चहा आणला,
पहिल्या घोटाला माझ्याच तोंडातून गेलं,
काटा किर्र,
आणि बाळगोंडा हसला, पुरावा मिळाल्यासारखा.

रात्री खोका उघडला तर
चारशे अकरा पट्ट्या कोरड्या,
हिच्यावर चहाचा एक थेंब,
आणि उघड्या कंसातून आत
मुंग्यांची रांग.