सीमान्त

फळ्यावर मी तक्ता आखते.
नग पहिला : वीस. दुसरा : चौदा. तिसरा : आठ.
चौथ्याला दोन. पाचव्याला शून्य.
सहाव्यापुढे उणे चिन्ह काढलं की वर्ग हसतो,
सगळ्यात जास्त एर्गिस. त्याच्या बापाचं ब्यूरेकचं दुकान आहे
मशिदीमागे, आणि हे पोर रोज
सहावा नग पोटात घालूनच वर्गात येतं.

"वीस म्हणजे वीस काय, बाई? किलो?"
युटिल, मी सांगते. कुणी पाहिलेलं नाही.
"आणि नग कशाचे?"
संत्र्यांचे. पुस्तकात संत्री आहेत.
मी केळी म्हणत नाही.

त्या हिवाळ्यात कोर्चात
पावाची रांग पहाटे तीनला लागायची.
बाबा बर्फातून चालत सीमेपलीकडे गेले,
ग्रीकांचे ऑलिव्ह झोडपले, आणि अकराव्या दिवशी परतले ते
कोटाच्या अस्तरात पाच केळी शिवून.
आम्ही माणसं चार.
पाच भागिले चार. बाकी एक.

पेत्रितने सालीसकट चावा घेतला.
मी दातांवर धरून ठेवलं, गिळायचंच नाही असं ठरवून,
आणि ते आपोआप गेलं.
बाकी उरलेलं कपाटावर, वर्तमानपत्रावर.
ते बघायला शेजारपाजारचे आले,
नवं बाळ बघायला येतात तसे, हात धुऊन.

रात्री मला जाग आली.
चुलीपाशी, लाकडांच्या पेटीवर आई बसली होती.
घाई नव्हती तिला.
साल उलटी करून आतला पांढुरका गर
ती दातांनी खरवडत होती, शेवटपर्यंत.
आणि तिचा चेहरा
मी ओळखत नव्हते असा, मुलीचा.

सकाळी म्हणाली, "उंदीर."
बाबांनी सापळा मांडला.
त्यात लावायला चीज नव्हतं.

पुस्तकाच्या अटी सोप्या आहेत :
सगळे नग एकसारखे.
खाणारा विवेकी.
एका नगानंतर लगेच दुसरा, मध्ये वेळ जाता कामा नये.
आमच्याकडे मध्ये तीस वर्षं गेली.

आई आता एक्याऐंशीची.
टेबलावरच्या वाडग्यात चार केळी काळी पडतायत.
खातेस का? नको गं.
चहा की कॉफी? काहीही.
(समवृत्ती वक्र पुढच्या आठवड्यात घेऊ.)
जास्त पिकली की ती शेजारच्या लिरीच्या कोंबड्यांना घालते,
आणि कोंबड्याही आता टोचून सोडून देतात.

"म्हणजे पाचवं फुकट दिलं तरी
कुणी घेणार नाही?" एर्गिस विचारतो.
खडू हातातच राहतो.
सीमान्त. सीमा आणि अंत.
एका शब्दात दोन जागा, आणि दोन्हीकडे बर्फ.

शून्यच लिहा, मी सांगते. परीक्षेत शून्यच.

घरी जाताना बाजारातून एक केळं घेते.
एकच. देठ हिरवट.
दुकानदार माझ्याकडे बघतो,
एवढ्याला कोण थांबतं, म्हणतो, पैसेही घेत नाही.

आई झोपायला गेली की
ते कपाटावर ठेवते, खाली वर्तमानपत्र.
दिवा मालवते.
आणि कान देऊन पडून राहते.