इतिवृत्तात दुरुस्ती

नव्या पेठेतली शोकसभा सहा म्हणजे सहाला सुरू झाली.
फोटोतल्या भिकोबा थिट्यांना टोपी जरा मोठीच होत होती.
प्राचार्य अभ्यंकर छान बोलले. साधेपणा, सायकल,
पानशेतच्या पुरात खांद्यावरून बाहेर काढलेली म्हातारी माणसं.
मग खिशातून सुपारी काढावी तसा
सावकाश एक ‘पण’ काढला:
‘पण कालव्याकाठची वस्ती पाडायचा ठराव आला,
तेव्हा आपले अण्णा मूग गिळून बसले.
इतिवृत्त बघा. एक ओळ नाही.’
पुढच्या रांगेत अण्णांच्या मुलीने
सरळच असलेला पदर पुन्हा सारखा केला.

ओळ नाही, हे खरं.
मी महापालिकेत लघुलेखक होतो, सत्तावीस वर्षं.
त्या दुपारी अण्णा बावीस मिनिटं बोलले,
हातात चिटोरंसुद्धा नव्हतं.
‘पाडा की,’ म्हणाले, ‘पर उद्या सकाळच्याला बायांनी
चुली कुठं मांडायच्या, त्येवढं ठरावात लिवा.’
त्या ‘पर’ला कुणीतरी हसलं.
तेव्हा अण्णांनी आयुक्तांना एक शब्द वापरला,
तो मी इथेही लिहीत नाही.
त्या एका शब्दापायी महापौरांनी
अख्खं भाषण वगळायला सांगितलं.
मी वगळलं.
पट्टी माझी, लाल पेन्सिल माझी.
उरलं फक्त हजेरीतलं नाव, एकोणिसावं.

अण्णा काही देव नव्हते.
भाच्याला पाणीपुरवठ्यात चिकटवला, पक्ष दोनदा बदलला,
लग्नाला यायचे ते पंगत उठल्यावर.
प्राचार्य हे बोलले असते
तर मी मागच्या खुर्चीवरून मान डोलावली असती.
पण मूग त्यांनी गिळले नव्हते.
ते मी गिळले,
आणि त्यावर निवृत्तिवेतन खातो आहे.

मी हात वर केला.
सूत्रसंचालक घड्याळाकडे बघत म्हणाला,
‘आजोबा, लेखी द्या ना.
आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.’
सगळे उठले. खुर्च्या करकरल्या.
बाहेर शास्त्री रस्त्यावर बसचा हॉर्न अडकून बसला होता.
माझी बोटं विजारीच्या शिवणीवर आपोआप चालू लागली,
बारीक रेघ, जाड रेघ, टिंब,
आठवेल तसं, त्यांच्याच बोलीत.
दोन मिनिटांत जेमतेम चुलीपर्यंत पोचलो.

बाकीचं सोबत जोडलं आहे.
पोच द्यावी.